मागचा टायर घरीच बदलला

माझं रोजचं अंबाजोगाई-लातूर, बाईकवरून. मागच्या टायरची नक्षी झिजून खाचांमधल्या खुणेच्या बरोबरीला आली, म्हणजे टायर संपला. नवा घेताना जुना माल गळ्यात पडू नये म्हणून बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

गाडी ट्यूबवाली, म्हणून काम घरीच केलं. नवा टायर आधी उन्हात ठेवला. आपल्याकडचं ऊन इथे खरंच कामाला येतं, रबर मऊ पडतं. जुना काढताना खरी मेख एकच: टायर उचकटायची पट्टी जिथे लावली त्याच्या समोरची टायरची कड पायाने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवायची. नाहीतर कितीही ताकद लावा, टायर हलत नाही. नवा चढवताना टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते पाहिलं, कडेला साबणाचं पाणी लावलं आणि ट्यूबमध्ये थोडी हवा भरली, म्हणजे ती पट्टीखाली चिमटत नाही.

ट्यूबलेस असेल तर मात्र सरळ दुकान गाठा. कड रिमवर बसायला एकदम जोरात हवा लागते, हातपंपाने सहसा जमत नाही. तिथे मजुरी द्यावीच.

चाक बसवल्यावर चेनचा ताण आणि मागचा ब्रेक पुन्हा जुळवून घ्या.