कॅन की कॅन्ट? कानाला इंग्रजी शिकवताना

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या ग्राहकाशी कॉल चालू होता. एका लॉटमध्ये भोकाच्या कडेला बारीक बर, म्हणजे भोक पाडताना उरलेली धारदार किनार, राहिली होती, त्यावर समोरचा माणूस काहीतरी बोलला. मला ऐकू आलं, ‘वुई कॅन टेक द लॉट.’ मी खुशीत डिस्पॅचला निरोप दिला आणि लॉट सोडला. तो म्हणाला होता ‘कॅन्ट’. तिकडे माणसं लावून सॉर्टिंग झालं, त्याचं बिल आमच्याकडे आलं. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅडम, मेल तर तुम्हाला बरोबर कळतो. मग?”

त्या ‘मग?’चं उत्तर शोधायला मला वर्ष लागलं. तुमचे काही महिने वाचावेत म्हणून लिहिते आहे.

मी बार्शीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली. इंग्रजी पाचवीपासून, पहिलीपासून ते 2000 साली आलं, आमची तुकडी त्याआधीची. सर धडा वाचायचे, आम्ही मागून म्हणायचो, एकेक अक्षर सुटं सुटं. त्यामुळे माझं इंग्रजी डोळ्यात बसलं, कानात नाही. इंग्रजी बोलणारा वाक्यातल्या दोन-तीन शब्दांवर जोर देतो आणि बाकीचे गिळतो. आपणही गिळतोच की. ‘कुठे चालला आहेस’चं ‘कुठं चाललायस’ होतं. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला ते पहिल्या फटक्यात कळेल का?

आता त्या ‘कॅन्ट’कडे बघा. अमेरिकन माणूस ‘आम्ही घेऊ शकतो’ म्हणताना ‘कॅन’ म्हणतच नाही, तो ‘क्न’ म्हणतो: ‘वुई क्न टेऽक’. नकार असेल तेव्हा मात्र ‘कॅ’ पूर्ण आणि जोरात येतो, आणि शेवटचा ‘ट’ घशातच अडकतो. पुढचा शब्द ‘टेक’ असेल तर दोन्ही ट एकमेकांत मिसळतात. म्हणजे तुम्हाला स्वच्छ ‘कॅन’ ऐकू आलं की बहुतेक वेळा तो नाही म्हणतोय. शाळेत शिकलेल्याच्या बरोबर उलटं! ब्रिटिश माणूस ‘काऽन्ट’ म्हणतो, त्याच्याशी हा घोळ होत नाही. त्याचे घोळ वेगळे, ते पुढे.

तर सराव कसा करायचा?

बातमी आधी मराठीत घ्या. मी सकाळी डबा भरताना आकाशवाणी पुण्याच्या सात दहाच्या प्रादेशिक बातम्या लावते आणि पेपरवर नजर टाकते. रात्री नऊला आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र असतं, पंधरा मिनिटांचं. ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर ते नंतरही ऐकता येतं. काय घडलंय ते आधीच माहीत असल्यामुळे कानाला फक्त ‘कसं म्हणाले’ एवढंच पकडायचं असतं. दोन्ही ओझी एकदम दिली की कान बसतो.

अख्खं बातमीपत्र ऐकू नका. एकच बातमी घ्या, तीस-चाळीस सेकंदांची, आणि शाळेत शुद्धलेखन घालायचे तसं ती वहीत उतरवा. तीनदा ऐका. जे कळलं नाही तिथे रिकामी रेघ ओढा, अंदाजाने भरू नका. मग लिखित मजकुराशी ताडून बघा. माझी पहिली वही अजून आहे. एका पानावर अकरा रेघा, आणि त्यातल्या नऊ ठिकाणी अवघड शब्द नव्हताच. होते ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘टू’, ‘हॅड बीन’. तोवर मी शब्दसंग्रह वाढवायला ॲप विकत घेऊन बसले होते! दुखणं पायाला आणि मलम डोक्याला.

ताडायला मजकूर हवाच, नाहीतर चूक कळणार नाही. म्हणून मी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं पतधोरणाचं निवेदन वापरते. ते व्हिडिओवर असतं आणि पूर्ण लेखी निवेदन त्याच दिवशी बँकेच्या संकेतस्थळावर येतं. बोलणं संथ, आकडे भरपूर. 6 जून 2025 ला रेपो दर 6 टक्क्यांवरून 5.5 वर आणला, ते निवेदन ऐकून बघा. ‘फिफ्टी बेसिस पॉइंट्स’ म्हणजे अर्धा टक्का. ते ‘फिफ्टीन’ ऐकू येतं का? ‘फिफ्टी’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फिफ्टीन’मध्ये सहसा ‘टीऽन’ लांबतो. पुढे लगेच नाम आलं की मात्र ‘फिफ्टीन पार्ट्स’मध्येही जोर पहिल्या अक्षरावर सरकतो, तेव्हा शेवटच्या ‘न’वरच भिस्त. अमेरिकन माणसाची आणखी एक खूण आहे: ‘थर्टी’ तो ‘थर्डी’सारखं म्हणतो, ‘थर्टीन’मधला ट मात्र खणखणीत ठेवतो. एक फेब्रुवारीचं अर्थसंकल्पाचं भाषणही चालेल, त्याचाही मजकूर मिळतो, पण लांब असतं. पाच मिनिटांचा तुकडा पुरे.

कंपनीच्या बसमध्ये वही जमत नाही. तिथे बीबीसी लर्निंग इंग्लिशचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ ऐकते. दोघं गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, उत्तर शेवटी देतात. लिखित प्रत मोफत असते. तळेगाव चौकात बस अडकली की तीनदा ऐकून होतं.

टीव्हीवरच्या इंग्रजी चर्चा सोडून द्या. पाच जण एकदम ओरडतात, तिथे इंग्रजांनाही काही कळणार नाही. आणि सबटायटल लावून सिनेमा बघणं म्हणजे वाचनाचा सराव.

आता ऑफिस. कॉलच्या दहा मिनिटं आधी मी कागदावर दहा शब्द लिहिते, जे आज येणारच: भागाचं नाव, लॉट नंबर, रिवर्क, डेव्हिएशन, तारीख. ज्याची वाट बघतोय ते लवकर ऐकू येतं. मायक्रोसॉफ्ट टीम्सवर लाइव्ह कॅप्शन असतात, म्हणजे बोलणं लगेच पडद्यावर लिहून येतं, पण कॉल चालू असताना मी ते बंद ठेवते. एकदा का डोळा तिकडे गेला की कान सुट्टीवर जातो. शिवाय आमच्या ‘बर’ला त्याने एकदा ‘बर्ड’ लिहिलं होतं, अख्ख्या लॉटमध्ये पक्षी. कंपनीची परवानगी असेल तर रेकॉर्डिंग नंतर ऐका. स्वतःच्या फोनवर किंवा फुकटच्या ॲपवर टाकू नका, नोकरी जाईल.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो मिनिट्स, म्हणजे कॉलवर काय ठरलं त्याची नोंद, लिहायचं काम मागून घेतल्याने. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं. कॉल संपला की अर्ध्या तासात लिहायचं आणि सगळ्यांना पाठवायचं. चुकलं तर ग्राहकच सुधारून पाठवतो. एवढी चांगली शिकवणी पैसे देऊन मिळत नाही.

नाही कळलं तर नुसतं ‘पार्डन’ म्हणू नका. तो तेच वाक्य त्याच वेगात पुन्हा टाकतो. जेवढं ऐकू आलं तेवढं परत म्हणा: ‘यू सेड फिफ्टी, फाइव्ह झीरो?’ किंवा ‘सो यू कॅनॉट टेक द लॉट, राइट?’ तो फक्त हो-नाही म्हणतो. माझं बिल या एका वाक्याने वाचलं असतं.

काही घोळ कानाचे नसून रीतीचे असतात. बर्मिंगहॅमचा माणूस ‘हाफ फोर’ म्हणाला की साडेचार. जर्मन माणूस स्वतःच्या भाषेतल्या सवयीने तेच म्हणाला तर साडेतीन असू शकतं. दोघं एका कॉलवर असले की मी चॅटमध्ये आकडा टाकून विचारते. ‘टेबल’ करू म्हटलं तर ब्रिटिशाला तो विषय चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकनाला बाजूला ठेवायचा असतो. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर उतरवा.

रोज वीस मिनिटं केलं तर तीन-चार महिन्यांत रेघा कमी होतात, माझ्या अकराच्या तीन-चारवर आल्या. ग्लासगोचे एक गृहस्थ मात्र अजून निम्मेच कळतात. त्यांना मी सरळ सांगते, आकडे चॅटमध्ये टाका. ते हसतात आणि टाकतात.