भिंतीवरची कार्डशीट आणि तात्यांचं कॅलेंडर

2016 च्या जूनमध्ये राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी साताऱ्यात गोडोलीला खोली घेतली. तिघांत एक खोली, मेसचा डबा आणि भिंतीवर पांढरी कार्डशीट. तिच्यावर लाल स्केचपेननं लिहिलं: 'उपजिल्हाधिकारी, 2018'. खाली दोन रेघा ओढल्या. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, शीट खालून सुटली, रूम पार्टनरनं चिकटपट्टी लावली. त्या ध्येयासाठी पहिल्या वर्षी झालेलं सगळ्यात ठोस काम तेवढंच. दहा-दहा तास बसायचो, नाही असं नाही. पण आज काय संपवायचं, हे शीटवर नव्हतं आणि डोक्यातही नव्हतं.

त्याच सुमारास एका व्याख्यानात ऐकलं, की 1953 साली येल विद्यापीठातल्या ज्या 3 टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती, त्यांनी पुढं उरलेल्या 97 टक्क्यांपेक्षा जास्त पैसा कमावला. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. असा अभ्यास कधी झालेलाच नाही. तुम्ही नवीन असाल तर ही गोष्ट कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये तुमच्याही कानावर येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. खऱ्या अभ्यासातलं एक मात्र कामाचं आहे. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं दाखवलं, की नुसतं 'करणार' म्हणण्यापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करणार' असं ठरवलं की काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते.

हे वाचलं खूप नंतर. पाहिलं मात्र घरीच, दिवाळीला कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो तेव्हा. तात्यांचं कॅलेंडर चुलीच्या धुरानं पिवळं पडलेलं. जुलैच्या चौकटीत उसाची 'खालच्या पट्टीत लागण', पुढं 'बाळबांधणी' (कोवळ्या उसाला मातीची पहिली भर), 'कारखान्यात नोंद दिली', एका ठिकाणी 'पाणी चुकलं, मोटर जळाली'. आडसाली ऊस दीड वर्षानं तुटतो, पण किती टन निघणार हे कॅलेंडरवर कुठंच नव्हतं. टनाची आशा त्यांनाही होतीच की. फक्त लिहायची जागा ती नव्हे.

साताऱ्याला परत आलो आणि राजवाड्याजवळून दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर असलं लिहिलं: मेसवरून आलो, की मोबाइल पार्टनरच्या पेटीत. डबा उघडायच्या आधी काल चुकलेले दहा प्रश्न पुन्हा सोडवायचे. लाइट गेली तर राज्यघटनेची कलमं तोंडी. रविवारी रात्री काय झालं नाही ते लिहायचं, आणि का, तेही. हे 'का' लिहिताना फार लाज वाटते. 'झोपलो' असं सलग तीन रविवार लिहिल्यावर चौथ्या आठवड्यात माणूस आपोआप उठतो.

खाशाबा जाधवांचं उदाहरण आपल्याकडं प्रत्येक भाषणात असतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक. पण 1948 ला लंडनमध्ये ते सहावे आले होते, हे कमी जण सांगतात. मातीत घडलेल्या पैलवानाची गाठ तिथं गादीवरच्या कुस्तीशी होती. मला वाटतं, वहीत लिहायची गोष्ट ती गादी आहे. पदक भिंतीवर राहू द्या, हरकत नाही.

आता आयुष्याच्या चित्राबद्दल, म्हणजे पुढं कसं जगायचंय ते लिहून बघण्याबद्दल. हे पान मी सगळ्यात उशिरा लिहिलं आणि तेच सगळ्यात महाग पडलं. पद, पगार, गाडी काही न लिहिता चाळिशीतला एक साधा मंगळवार लिहायचा. सकाळी कुठं उठता, दुपारी कुणाशी बोलता, संध्याकाळी घरी कोण असतं. मी लिहिलं: गावातच उठतो, दिवसभर शेतकऱ्यांशी बोलतो, संध्याकाळी आईच्या हातचं खातो. वाचून गप्प बसलो. दर तीन वर्षांनी बदली होणारा उपजिल्हाधिकारी त्या मंगळवारात बसतच नव्हता.

तरी परीक्षा लगेच सोडली नाही. शेवटची तारीख लिहिली: 31 डिसेंबर 2019. तोवर मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो नाही, तर थांबायचं. खुल्या वर्गाला 38 वर्षांपर्यंत राज्यसेवा देता येते; ती सोय आहे तसा सापळाही आहे. थांबायची तारीख डोकं शांत असताना लिहा. निकालाच्या रात्री कुणालाच ती लिहिता येत नाही.

दोनदा पूर्व परीक्षेतच गेलो. ठरल्या तारखेला थांबलो, आणि चार महिने घरात कुणाशी धड बोललो नाही, हेही सांगायला हवं. आज कोरेगावात ठिबक सिंचनाचं छोटं दुकान आहे. पार्टनर मात्र निरीक्षक झाला, विदर्भात आहे. आमच्या दोघांच्याही वह्या चालू आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा फोन येतो. ख्यालीखुशाली नंतर, आधी एवढंच: "मागच्या महिन्याचं पान वाच."