गव्हाणीपासून गोदामापर्यंत: मॉडेल रेल्वेसाठी साखर कारखाना कसा जुळवावा

मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर कारखाना उभारायचा ठरला की आपण सर्वांत आधी चिमणीच्या मागे लागतो. मीही तेच केले होते. तयार संचातली चिमणी साखरेच्या गोदामाला लागून, अगदी पुढच्या बाजूला उभी केली, कारण तिथे ती सर्वांत छान दिसत होती. आमच्या शेजारी राहणारे एक काका साखर कारखान्यातून पॅनमन, म्हणजे साखर शिजवण्याच्या भांड्यावरचे कामगार, म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी तो देखावा बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "चिमणी झ्याक झालीया, पण बॉयलरला बगॅस कुठनं जातंय, ते दाव की." बगॅस म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा; बॉयलरमध्ये तोच जळतो. मला दाखवता आले नाही. ती इमारत मी त्याच आठवड्यात मोडली.

निरनिराळ्या इमारतींच्या संचांचे भाग कापून, उलटसुलट जोडून, त्यांतून कोणत्याच खोक्यावर नसलेली इमारत तयार करण्याला किटबॅशिंग म्हणतात. या कामात कापाकापीचे कौशल्य लागतेच, पण त्याआधी कच्चा माल कुठून आत येतो, कोणत्या इमारतीतून कोणत्या इमारतीत जातो आणि पक्का माल कुठून बाहेर पडतो, हे कागदावर स्पष्ट असावे लागते. कोल्हापूरकराला त्यासाठी दूर जावे लागत नाही. गळीत हंगामात कसबा बावड्याच्या साखर कारखान्याच्या रस्त्याने एक फेरी मारली तरी निम्मा अभ्यास होतो. फाटकाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरून जेवढे दिसते तेवढ्यावर देखाव्याचे काम भागते.

ऊस प्रथम वजनकाट्यावर येतो, तिथून वाहनतळावर थांबतो आणि मग गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या वाहकात, पडतो. गव्हाणीतून तो मिल हाउसमध्ये जातो आणि रस निघाल्यावर उरलेला बगॅस शेवटच्या मिलमधून कन्व्हेयरने थेट बॉयलरकडे जातो. उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघत असल्यामुळे हा कन्व्हेयर लहानसहान असून चालत नाही, आणि बॉयलर व चिमणी मिल हाउसच्या जवळच असावी लागतात. रस मात्र दुसऱ्या दिशेने प्रोसेस हाउसकडे जातो. तिथे रस आटवून दाणे धरणारे निर्वात पॅन सर्वांत वरच्या मजल्यावर, त्यांखाली दाणे वाढवणारे क्रिस्टलायझर आणि त्याखाली गरगर फिरवून साखर वेगळी करणारी सेंट्रिफ्युगल यंत्रे अशी उतरती मांडणी असते, कारण दाट मॅसिक्युट, म्हणजे दाणे आणि पाक यांचे मिश्रण, खाली आणायला गुरुत्वाकर्षणासारखा स्वस्त मजूर नाही. म्हणूनच चिमणी वगळता कारखान्यातली सर्वांत उंच इमारत प्रोसेस हाउसची ठेवावी. सेंट्रिफ्युगलमधून साखर वाळवणीकडे व गोदामाकडे जाते आणि मळी टाक्यांकडे. आपली रेल्वेची साइडिंग, म्हणजे माल चढवण्यासाठीचा बाजूचा रूळ, हवी ती याच टोकाला, गोदामाच्या फलाटाशी.

एवढे ठरले की प्रमाण आणि काळ निश्चित करावा. बाजारात सर्वाधिक संच १:८७ या प्रमाणात, म्हणजे एचओमध्ये मिळतात. या प्रमाणातला १६.५ मिलिमीटरचा रूळ हा मुळात १४३५ मिलिमीटरच्या प्रमाणित गेजसाठी (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) आहे. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज काटेकोरपणे करायचा तर १९.३ मिलिमीटर अंतर लागेल. माझ्या मते पहिल्या कामात या फरकाकडे दुर्लक्ष करावे. कोल्हापूर-मिरज मार्ग १८९१ मध्ये मीटरगेज म्हणून सुरू झाला आणि १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला. त्यामुळे १९७१ पूर्वीचा काळ दाखवायचा असेल, तर १२ मिलिमीटरचा रूळ घेणेच योग्य. ब्रॉडगेजवर वाफेचे इंजिन, काळी प्लास्टिकची पाण्याची टाकी आणि नव्या पद्धतीच्या लांबलचक बंद वाघिणी हे तिन्ही एकाच अंगणात आले, की जाणकाराचे लक्ष कारखान्यावरून उडते.

लांबीचा हिशेब वाघिणीपासून सुरू करावा. बीसीएनए प्रकारची बंद वाघीण सुमारे साडेचौदा मीटर लांब असते, म्हणजे मॉडेलमध्ये जवळजवळ १६७ मिलिमीटर. तीन वाघिणी उभ्या करायच्या तर गोदामासमोर ५० सेंटिमीटर सरळ रूळ हवा. एकूण फळी १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर खोल असली तरी पुरते, मात्र उंची आणि लांबी यांत काटछाट करण्याची तयारी ठेवावी. ६० मीटरची चिमणी प्रमाणात ६९ सेंटिमीटर होते आणि ती देखाव्यावर अक्षरशः मात करते. मी ती ४२ सेंटिमीटरवर थांबवली आहे, आणि आजवर कोणी टेप घेऊन मोजायला आलेले नाही.

संच निवडताना एकच महागडा आणि मोठा संच घेण्यापेक्षा एकाच साध्या विटांच्या कारखान्याचे दोन संच घ्यावेत, कारण त्यांच्या खिडक्या, खांब आणि विटांचे थर एकमेकांशी जुळतात. फॅलर कंपनीचे संच आणि वॉल्दर्स कंपनीचे कॉर्नरस्टोन संच यासाठी चांगले आहेत. ऑहागेन कंपनीच्या जुळणी पद्धतीत भिंतींचे पट्टे आणि खांब सुटे मिळत असल्यामुळे कापाकापी कमी होते. हे सगळे बाहेरून मागवावे लागत असल्याने खोके उघडताच ब्लेड हातात घेऊ नये. भिंतींचे पट्टे झेरॉक्सच्या काचेवर ठेवून प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती काढाव्यात, त्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवाव्यात आणि आधी कागदी कारखाना उभा करावा. प्रत्येक घरात अशा पत्रिकांचा गठ्ठा असतोच. हा कागदी कारखाना आठ दिवस फळीवर तसाच ठेवावा, समोरून वाघिणी ढकलून पाहाव्यात, आणि मगच प्लास्टिकला हात लावावा.

इमारत फळीच्या मागच्या कडेला, पार्श्वचित्राला टेकून ठेवायची असेल, तर तिची मागची भिंत लपवून वाया घालवू नये. पुढची आणि मागची भिंत एका ओळीत जोडली की त्याच संचातून दुप्पट लांबीचा दर्शनी भाग मिळतो, आणि बाजूच्या भिंती मधोमध कापल्या की त्यांच्यापासून दोन्ही टोके तयार होतात. माझे मिल हाउस आणि गोदाम असेच जेमतेम सात सेंटिमीटर खोल आहेत. प्रोसेस हाउससाठी मात्र दोन संचांच्या भिंती एकावर एक चढवून तीन मजले केले. मधला सांधा लपवण्यासाठी संपूर्ण रुंदीला प्लास्टिकची पट्टी लावून तिला काँक्रीटच्या बीमचे रूप दिले.

काप नेहमी भिंतीतल्या खांबाच्या कडेला घ्यावा, म्हणजे सांधा सावलीत जातो. पोलादी पट्टी धरून ब्लेडने पाच-सहा हलक्या रेघा ओढाव्यात आणि मग टेबलाच्या कडेवर मोडावे. एकाच रेघेत जोर लावला की ब्लेड घसरते आणि बोटाला शिक्षा मिळते. कडा काचेवर ठेवलेल्या २२० क्रमांकाच्या व नंतर ४०० क्रमांकाच्या पॉलिशपेपरवर घासावी. पातळ प्लास्टिक सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रव, ब्रशने सांध्याला नुसते टेकवले तरी ते केशाकर्षणाने आत ओढले जाते; ओतण्याची गरज नाही. ॲक्रिलिकच्या पाट्या बनवणारे क्लोरोफॉर्म वापरतात आणि त्याने हे प्लास्टिकही चिकटते, पण घरच्या बंद खोलीत तो प्रयोग करू नये. सिमेंट वापरतानाही खिडकी उघडी असावी. प्रत्येक कोपऱ्याला आतून चौकोनी पट्टी लावावी आणि लांब भिंतींना मध्ये आडवे टेकू द्यावेत, नाहीतर उन्हाळ्यात त्या पोट काढतात.

युरोपीय संचाचे कोल्हापुरीकरण मुख्यतः छपरात असते. बर्फासाठी केलेली तीव्र उताराची छपरे टाकून द्यावीत आणि त्या जागी मंद उताराचे पन्हळी पत्रे घालावेत. पत्रा तयार करण्याची माझी रीत कोल्हापूरच्या कारखान्यांच्या उद्यमनगरला शोभणारी आहे. सिमेंटच्या पन्हळी पत्र्यातील दोन लाटांमधले अंतर १४६ मिलिमीटर असते, म्हणजे आपल्या प्रमाणात १.६८ मिलिमीटर, आणि एम १२, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीच्या, बोल्टच्या नेहमीच्या आट्यांचे अंतर १.७५ मिलिमीटर असते. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. सायकलची जुनी ट्यूब चिरून सपाट पसरावी, तिच्यावर खाद्यपदार्थांच्या डब्याचा ॲल्युमिनियमचा जाड कागद ठेवावा आणि पूर्ण आट्यांची सळई लाटण्यासारखी दाबून फिरवावी. आटे तिरके असल्यामुळे लाटा सुमारे अडीच-तीन अंशांनी कलतात, म्हणून पत्र्याचे तुकडे कागदाच्या कडेला समांतर न कापता लाटेच्या दिशेने कापावेत. प्रत्येक तुकडा दोन मीटरच्या हिशेबाने २३ मिलिमीटर लांब ठेवून, खालून वर एकावर एक चढवत लावला, की छप्पर खरोखरच पत्रे टाकल्यासारखे दिसते. लोखंडी पत्र्याच्या बारीक पन्हळींसाठी एम ५ ची सळई चालते.

मळीच्या टाकीसाठी लक्ष्मीपुरीतल्या प्लंबिंगच्या दुकानातून ९० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा आणावा. प्रमाणात तो जवळजवळ आठ मीटर व्यासाचा होतो, आणि त्यापेक्षा चांगली टाकी कोणत्याही संचात मिळणार नाही. त्यावर कागदाच्या पट्ट्यांनी पत्र्यांचे जोड दाखवावेत. रिकाम्या रिफिल नळांचे काम करतात. मिल हाउसपासून बॉयलरपर्यंतचा तिरका कन्व्हेयर कोळशाच्या खाणीच्या संचातून काढला होता, आणि काकांना समाधान वाटावे म्हणून तो मुद्दाम थोडा जास्तच ठळक ठेवला आहे.

रंगकामाआधी सगळ्या इमारतींवर एकच प्रायमर मारावा, म्हणजे तीन संचांच्या तीन रंगांची खूण राहत नाही. त्यावर मळकट पिवळसर डिस्टेंपरसारखा रंग, मग पातळ केलेल्या तपकिरी-काळ्या रंगाचा हात, आणि शेवटी कोरड्या ब्रशने कडांवर फिकट छटा द्यावी. काजळी सगळीकडे सारखी फासू नये. ती बॉयलर हाउसच्या छपरावर दाट, गोदामावर विरळ असावी. मळीच्या टाकीवर वरून खाली ओघळलेले चकचकीत काळे डाग असावेत.

जमिनीसाठी आपल्याकडची माती आणि पंचगंगेची वाळू वापरण्याचा मोह होतो, आणि तो आवरू नये, परंतु ती मलमलच्या कापडातून चाळल्यावर तिच्यातून लोहचुंबक अवश्य फिरवावे. बेसाल्टपासून झालेल्या या वाळूत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात, आणि मग इंजिन अडखळू लागले की दोष रुळाला दिला जातो. लेथजवळची धूळ तर घेऊच नये. बगॅसच्या ढिगासाठी थर्माकोलच्या उंचवट्यावर पातळ फेविकॉल लावून चाळलेला लाकडाचा भुसा टाकावा. उसाच्या मोळ्या खराट्याच्या बारीक हिरांच्या करता येतात. अडीच मीटरचा ऊस २९ मिलिमीटरचा होतो.

फळीचा पाया प्लायवूडचा घ्यावा आणि त्याच्या कडांसह दोन्ही बाजूंना रंग द्यावा. माझ्या पहिल्या फळीचा पाया एमडीएफचा होता. जुलैच्या झडीत तो फुगला, आणि गोदामाचा फलाट दोन मिलिमीटर वर उचलला जाऊन प्रत्येक वाघीण त्याला घासू लागली. फलाट पक्का करण्यापूर्वी सर्वांत लांब वाघिणीच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी पेन्सिल बांधून ती साइडिंगवरून हाताने फिरवावी; तिने ओढलेल्या सर्वांत बाहेरच्या रेघेपासून दोन मिलिमीटर सोडून फलाटाची कड घ्यावी. भिंतींसाठी सरळ रुळाच्या मध्यापासून ३० मिलिमीटर पुरतात, वळणावर अधिक लागतात.

इमारती जमिनीवर नुसत्या ठेवू नयेत, कारण भिंतीखालची फट सगळा आभास घालवते. भिंत जमिनीच्या थरात दोन मिलिमीटर रुतेल अशी खाच सोडावी आणि फटीच्या कडेने माती व थोडे गवत टाकावे, पण ते इमारतीला चिकटवू नये. इमारत फळीच्या खालून दोन स्क्रूंनी धरावी आणि गोदामाचे छप्पर सुटे ठेवावे. गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याची मशीन बहुधा त्याच छपराखाली लपवलेली असते, आणि बिघडते तीही तीच.