पिकअपला ऑल-सीझन की ऑल-टेरेन टायर? या चुका टाळा

पिकअपचे टायर बदलायला गेल्यावर बहुतेकांची नजर आधी नक्षीवर जाते. ठोकळे मोठे आणि खाचा खोल दिसल्या की टायर मजबूत वाटतो. पण पिकअप ही माल वाहणारी गाडी आहे. तिच्या टायरची निवड वजनापासून सुरू व्हायला हवी, मग रस्ता आणि सगळ्यात शेवटी नक्षी. हा क्रम उलटा झाला की पुढच्या बहुतेक चुका आपोआप घडतात.

‘ऑल-सीझन’ म्हणजे पावसाळ्याचा टायर, हा समज

हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या बाजारातून आला आहे. तिथे उन्हाळी आणि हिवाळी टायर वेगळे असतात. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड कमी होते. थोडीफार थंडी आणि हलका बर्फ सांभाळून घेणारा मधला टायर म्हणजे ऑल-सीझन. महाराष्ट्रात ही अडचण सहसा येत नाही. आपल्याकडे पिकअप आणि एसयूव्हीसाठी डांबरी रस्त्याचा जो टायर मिळतो, त्याला एचटी म्हणजे हायवे-टेरेन म्हणतात. त्यामुळे आपल्यापुढचा खरा प्रश्न एचटी घ्यायचा की एटी, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारा ऑल-टेरेन, एवढाच आहे.

टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अशी खूण दिसली तर त्यावरून पावसाचा काही अंदाज बांधू नका. ती मुख्यतः नक्षीतल्या खाचांच्या रचनेवरून दिली जाते. बर्फावर प्रत्यक्ष चाचणी झाल्याची खूण वेगळी असते: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला गाडी नेणाऱ्याने ती जरूर पाहावी. नाशिक-पुण्याच्या फेऱ्या मारणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आणखी एक घोटाळा नावांचा होतो. अपोलोची अ‍ॅप्टेरा किंवा योकोहामाची जिओलँडर ही मालिका एचटीतही येते आणि एटीतही. नुसतं मालिकेचं नाव सांगून टायर मागवू नका. पुढची दोन अक्षरं बिलावर लिहून घ्या.

वजनाचा आकडा न पाहता टायर घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २४५/७० आर १६ अशा मापापुढे ११० किंवा १११ असा आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा म्हणजे एका टायरने, पूर्ण हवेत, किती वजन पेलायचं त्याचा निर्देशांक. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२० आणि ११६ म्हणजे १२५० किलो. अक्षर वेगमर्यादेचं: क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८० किलोमीटर. मालाच्या पिकअपला क्यू पुरतो. तिथे वरचं अक्षर शोधण्यापेक्षा वजनाचा आकडा पाहा.

तुमच्या गाडीला किती आकडा लागतो ते वजनकाट्यावर कळतं. नेहमीचा माल भरा, फक्त मागची चाकं काट्यावर घ्या आणि पावती करा. समजा मागच्या धुरीवर (अ‍ॅक्सलवर) १७५० किलो आले, तर प्रत्येक टायरवर ८७५ किलो. १०४ चा टायर ९०० पेलतो, म्हणजे कागदावर जमलं. पण तो साध्या प्रवासी गाडीचा टायर असेल तर मालाच्या गाडीवर चढवताना त्याची क्षमता १.१ ने भागायची, अशी टायर उद्योगात रूढ पद्धत आहे. ९०० चे उरले ८१८. गाडी रोज भरलेली धावणार असेल तर हा टायर कमीच पडतो. इथे एलटी म्हणजे लाइट-ट्रक बांधणीचा, १०९ किंवा ११२ चा टायर हवा. कंपनीने ठरवून दिलेल्या आकड्याच्या खाली तर कधीच जाऊ नये.

एलटी टायरची कूस, म्हणजे बाजूची भिंत, जाड असते आणि तो वजन जादा हवेच्या दाबावर पेलतो. साध्या टायरमधून एलटीवर आलात आणि हवा मात्र जुन्याच आकड्याची ठेवलीत, तर नवा मजबूत टायर कमी हवेत चालतो. प्रत्येक फेऱ्यात त्याची कूस दुमडते, आत उष्णता साठते आणि विदर्भातल्या मे महिन्यात, सिमेंटच्या सलग महामार्गावर, भरल्या गाडीखाली तो फुटतो. असे टायर उन्हाने फुटले असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात कमी हवा, जादा वजन आणि वेग यांनी ते आधीच आतून शिजलेले असतात. हवा नेहमी गार टायरमध्ये मोजा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. तापल्यावर दाब चढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका.

खोल खाचा म्हणजे पावसात जास्त पकड, हा समज

ही गोष्ट अर्धी खरी आहे. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर खोल खाचा ते बाहेर टाकतात आणि गाडी पाण्यावर तरंगत नाही. पण आंबोली किंवा माळशेज घाटात बहुतेक वेळ रस्ता साचलेल्या पाण्याचा नसतो, नुसता ओला आणि गुळगुळीत असतो. तिथे पकड येते ती डांबराला टेकलेल्या रबरातून. एटीच्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त, म्हणून टेकणारं रबर कमी. शिवाय उंच ठोकळे ब्रेक लावताना किंचित वाकतात. त्यामुळे ओल्या डांबरावर चांगला एचटी टायर त्याच दर्जाच्या एटीपेक्षा सहसा लवकर थांबतो.

पिकअपला इथे आणखी एक धोका असतो आणि तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. माल उतरवून गाडी रिकामी परतते तेव्हा मागची बाजू हलकी असते, स्प्रिंगचे पाटे कडक असतात आणि मागच्या टायरमध्ये भरल्या गाडीची हवा तशीच असते. टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो. वळणावर ब्रेक लागला की मागची बाजू सरकते. दरवाज्याजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी हवेचे वेगळे आकडे दिलेले असतात. परतीचा प्रवास लांबचा आणि पावसाचा असेल तर मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा, आणि पुढचा माल भरण्याआधी परत चढवा. कटकट आहे खरी, पण घाटात हीच उपयोगी पडते.

दोनच नवे टायर घेत असाल तर तेही मागेच बसवा, पुढच्या चाकांनी गाडी ओढणारी असो वा मागच्या. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि चालकाला ते कळतं. मागची घसरली तर गाडी फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

माती न ओळखता एटी घेणं

एटी सगळ्या चिखलांत चालतो असं नाही. मुरमाचा रस्ता, खडी, कोकणातली जांभ्याची वाट, नदीपात्रातली गोटेरी उतरण इथे एटीचं काम उत्तम. ठोकळ्यांच्या कडा पकड देतात आणि चांगल्या एटीची कूसही कापाला जास्त टिकते. मराठवाड्यातली आणि विदर्भातली काळी रेगड मात्र वेगळी आहे. ती ओली झाली की चिकट होऊन खाचांत गच्च बसते आणि चाकाच्या चार-पाच फेऱ्यांत एटीचा गुळगुळीत गोळा होतो. तिथे मोठ्या मोकळ्या खाचांचा एमटी म्हणजे मड-टेरेन टायरच थोडाफार निभावतो. तो डांबरावर मोठा आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्यात एटीपेक्षाही उशिरा थांबतो. वर्षातले चार दिवस शेतात अडकू नये म्हणून बाकी सगळे दिवस एमटीवर काढणं हा तोट्याचा सौदा आहे. त्यापेक्षा माल बांधावरून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरने आणावा आणि पिकअपला एचटी किंवा एटीच ठेवावा.

ढोबळ हिशेब असा: महिन्याच्या किलोमीटरपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त डांबर किंवा सिमेंट असेल तर एचटी. एक-तृतीयांश किंवा अधिक मुरूम-खडी असेल तर एटी. मधल्या पट्ट्यात असाल तर पूर्वीचे टायर कसे गेले ते आठवा. झिजून गेले असतील तर एचटी, कापून-फाटून गेले असतील तर एटी.

माप वाढवणं

२४५/७० आर १६ ऐवजी २६५/७० आर १६ चढवला की टायरचा व्यास सुमारे ७४९ वरून ७७७ मिलिमीटर होतो, म्हणजे ३.७ टक्के वाढ. काटा ताशी १०० दाखवेल तेव्हा गाडी, जुन्या टायरवर याच काट्याला जेवढी पळायची त्यापेक्षा, तेवढ्याच प्रमाणात जास्त पळत असेल. गिअर लांब झाल्यासारखे वाटतात, भरल्या गाडीला चढ जड जातो, ब्रेकला जास्त वजनाचं चाक थांबवावं लागतं, आणि पूर्ण वळवताना टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो. हे घासणं रिकाम्या गाडीत कळतही नाही. माल भरून, स्टिअरिंग एका टोकाला, खड्ड्यातून गाडी उतरवून पाहा. व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, आणि कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांतूनच निवड करावी. विम्याच्या दाव्याच्या वेळी बदललेलं माप वादाचा मुद्दा होऊ शकतं.

फोर-बाय-फोर पिकअपमध्ये चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे लागतात. इसुझु व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सच्या पार्ट-टाइम यंत्रणेत पुढच्या-मागच्या धुऱ्या जोडल्या गेल्यावर एकाच वेगाने फिरतात. व्यास वेगळे असले की तो फरक गिअर आणि शाफ्टवर ताण म्हणून चढतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी.

तारीख आणि ट्यूब

बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. चारही टायरचे आकडे स्वतः वाचा, एकाचा वाचून थांबू नका. आयएसआय खूण पाहा. ट्यूबलेस टायरला गळती लागली म्हणून आत ट्यूब टाकून देणारा टायरवाला भेटला तर नको म्हणा: ट्यूब आत घासते, तापते आणि फुटली की हवा एका क्षणात जाते. गळती रिमच्या कडेतून आहे, व्हॉल्व्हमधून की खिळ्यातून, ते साबणाच्या पाण्याने शोधता येतं. टायर बदलताना व्हॉल्व्हही नवा घ्या.

बसवल्यावर तक्रार आली तर

ठरावीक वेगाला, साधारण ताशी ८० ते १०० च्या आसपास, स्टिअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या. एटीचा टायर जड असतो, वजनं जास्त लागतात आणि चिखलाने ती निघूनही जातात. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असला तरी हेच होतं, म्हणून आधी रिम धुवा.

दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली किंवा हात फिरवल्यावर करवतीसारखी धार लागली तर अलाइनमेंट बिघडली आहे. जागोजागी खळगे पडले तर शॉक अब्सॉर्बर तपासा. एटीचे ठोकळे एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला बसके झाले की घूंऽऽ असा आवाज वाढत जातो आणि तो बेअरिंगचा आवाज समजून लोक बेअरिंग बदलून घेतात. आधी टायर अदलाबदल करून पाहा. आवाजाची जागा बदलली तर तो टायरचाच. ही अदलाबदल दर ८ ते १० हजार किलोमीटरला केली तर आवाज इतका वाढत नाही.

कायद्याने खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. खाचेत तेवढ्या उंचीची उंचवट्याची खूण असते. पावसाळ्यासाठी मात्र ३ मिलिमीटरची मर्यादा धरावी, आणि हे मोजमाप मे महिन्यातच करावं. नवे टायर बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यावर, पुन्हा आवळून घ्या.