कमी पैशात एस्टीमला टर्बो: हात घालण्याआधीची तयारी

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, सगळ्यात शेवटी विकत घ्यायचा. भंगारात दिसला की उचलावासा वाटतो, कारण डोळ्यांना तोच मुख्य भाग दिसतो. पण तो आधी घेतला की उरलेले पैसे त्याच्याभोवतीची जोडाजोड करण्यात जातात आणि इंजिन वाचवणाऱ्या वस्तूंपर्यंत पोचेतो खिसा रिकामा होतो. म्हणून ही यादी खरेदीच्या क्रमाने लिहितो आहे. गाडी धरली आहे मारुती एस्टीम: १२९८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर), ८५ बीएचपी. गाडी हलकी आहे, आणि याच घराण्याचं इंजिन जिप्सी किंगमध्येही होतं, त्यामुळे सुट्या भागांसाठी शोधायला दोन वाटा आहेत. बूस्ट, म्हणजे टर्बो वातावरणाच्या दाबावर चढवतो तो जादा दाब, ठेवायचा ०.४ बार, म्हणजे साधारण ६ पीएसआय. सगळं नीट बसलं तर ११० ते ११५ बीएचपीची अपेक्षा धरावी. त्याहून जास्त हवं असेल तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडपर्यंत इंजिन उघडावं लागतं, आणि मग ते काम कमी पैशातलं राहत नाही.

खर्चाचा आकडा मांडण्याआधी कायदा वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी किंवा उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार हे वेगळंच. तेव्हा अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही. ती बंदिस्त मैदानासाठी, ऑटोक्रॉससाठी किंवा ड्रॅगच्या धावपट्टीसाठी, आणि तिथवर नेण्या-आणण्यासाठी टोइंगचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात हवा. ज्यांच्याकडे रोजची एकच गाडी आहे त्यांनी इथेच थांबावं असं मला मनापासून वाटतं.

आता इंजिनाची तब्येत. गरम इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट घ्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चारही प्लग काढून. आकडा किती आला यापेक्षा चौघांमधला फरक बघा; दहा टक्क्यांहून जास्त असेल तर टर्बोचे पैसे आधी रिंगा आणि व्हॉल्व्हवर जायला हवेत. टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, होज बदलून घ्या, रेडिएटर रॉडिंग (आतल्या नळ्या साफ) करून घ्या. क्लच प्लेट आधीच घसरत असेल तर वाढीव टॉर्कपुढे ती टिकणार नाही. या सगळ्यावर फार लिहीत नाही, कारण कुठलाही जुना फिटर हे तुम्हाला सांगेल.

यानंतर पैसे काढायचे ते मोजमापासाठी, आणि इथे हात आखडता घेऊ नका. पहिली वस्तू वाइडबँड लॅम्डा मीटर, बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरसकट. गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ की दाट एवढंच सांगतो. बूस्टखाली किती दाट, हे त्याला कळत नाही. आणि मीटर लॅम्डामध्येच वाचायची सवय करा; लॅम्डा म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण योग्य प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा, एकच्या खाली दाट, वर पातळ. इंटरनेटवर सगळीकडे १४.७ चा आकडा दिसतो, तो शुद्ध पेट्रोलचा. आपल्या पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याचं योग्य गुणोत्तर साडेतेराच्या आसपास आहे. लॅम्डात मोजलं की इंधन कुठलंही असो, एक म्हणजे एकच. पूर्ण बूस्टवर ०.७८ ते ०.८२ दिसायला हवा. बूस्टखाली तो ०.९ च्या वर गेला तर त्याच क्षणी पाय उचलायचा.

दुसरी वस्तू बूस्ट गेज, तिसरी ऑइल प्रेशर गेज. चौथी वस्तू जवळपास फुकटात होते आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते: नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून सिलिंडरमध्ये बसणारे ठोके, ऐकायची नळी. तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून भोक पाडायचं, ते ब्लॉकवर बोल्टने कसायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती आत केबिनमध्ये कानावर लावायच्या इअर डिफेंडरमध्ये घालायची. गाडी चालवणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा. नॉकिंगचा कोरडा, टणक कडकडाट एकदा नीट ऐकला की परत ओळखायला वेळ लागत नाही. टर्बो लावलेली बहुतेक इंजिनं नॉकिंगनेच मरतात. पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते, धूर येतो आणि मग दोष मात्र टर्बोला दिला जातो.

इंधनाचा हिशेब कागदावर करा. ११५ बीएचपी, आणि टर्बो पेट्रोल इंजिनाला तासाला प्रत्येक बीएचपीमागे साधारण ०.६ पौंड इंधन लागतं. म्हणजे ६९ पौंड. चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी सव्वासतरा. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून भागिले ०.८, म्हणजे साडेएकवीस. एक पौंड तासाला म्हणजे साधारण साडेदहा सीसी मिनिटाला, तेव्हा २२६ सीसी. ई-२० साठी सात-आठ टक्के जास्त धरले की २४० च्या पुढे जातो. मग २७० ते ३०० सीसीचे, चारही एकाच गाडीतून निघालेले इंजेक्टर शोधा. ते अल्ट्रासॉनिक टाकीत साफ करून घ्या आणि चौघांचा प्रवाह समोर मोजून घ्या. एक जरी मागे पडला तरी तेवढाच सिलिंडर जळतो. पंप नवा घ्या. जुन्या गाडीतले रबरी पाइप इथेनॉलला टिकतीलच असं नाही, तेही बदला. आणि फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी इनटेक मॅनिफोल्डलाच जोडलेली हवी, म्हणजे बूस्ट वाढेल तसा इंधनाचा दाबही वाढतो.

हे सगळं चालवायला मूळ ईसीयू, म्हणजे इंधन आणि स्पार्क सांभाळणारा गाडीतला संगणक, पुरत नाही. त्याचा मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, बूस्ट त्याला दिसतच नाही. कमी पैशातला चांगला मार्ग म्हणजे स्पीडुइनो. ती आर्डुइनो मेगावर चालणारी, खुली रचना असलेली ईसीयू आहे. बोर्ड, २५० किलोपास्कलपर्यंत वाचणारा एमपीएक्स ४२५० सेन्सर, कनेक्टर, सोल्डरिंगचं सामान हे सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर फिरून जमवता येतं. क्रँकचा सिग्नल स्वच्छ मिळत नसेल तर पुलीवर ३६-१ दात्यांचं (छत्तीसपैकी एक दाता गाळलेलं) चाक लेथवाल्याकडून बसवून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: टर्बो न लावता, मूळ इंजिनावरच ही ईसीयू आधी चालवा. गाडी सकाळी थंड सुरू व्हावी, आयडल धरावी, पंखा चालू असताना बंद पडू नये. हे जमेपर्यंत टर्बोचं नाव काढू नका. या टप्प्यावर घाई न करणाऱ्यांचीच गाडी पुढे चालताना दिसते.

आता टर्बो. कुर्ल्यात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सर्वात सहज मिळतात ते डिझेल गाड्यांचे. १.३ डिझेलचा छोटा टर्बो एस्टीमला मापात दिसतो, पण दोन अडचणी आहेत. डिझेलचा एक्झॉस्ट थंड असतो. पेट्रोल इंजिन भाराखाली ९०० अंशांच्या पुढे जातं आणि डिझेलसाठी ओतलेल्या टर्बाइन हाउसिंगला त्या तापमानात चिरा जातात. शिवाय डिझेल इंजिन साडेचार-पाच हजार आरपीएमच्या आसपास थांबतं, तर एस्टीम सहा हजारांवर जाते. तिथे छोटं टर्बाइन घसा आवळल्यासारखं करतं आणि मागचा दाब वाढतो. ब्लेडांचा कोन बदलणारे व्हीजीटी तर या उष्णतेत अडकूनच बसतात. म्हणून माझी निवड अपघातात मोडलेल्या टर्बो पेट्रोल गाडीची. नेक्सॉनचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन २०१७ मध्ये आलं तेव्हा ११० पीएस द्यायचं, २०२० पासून १२० पीएस देतं. आपल्या मापाच्या इतक्या जवळचा टर्बो दुसरा शोधायला नको. घेताना हाउसिंग मॅनिफोल्डसकट एकसंध ओतलेलं नाही ना, आणि वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी, बूस्ट आवरणारी झडप) हवेच्या दाबाने चालतो ना, हे बघा. शाफ्ट बोटाने फिरवा. आडवी किंचित हालचाल चालते, मागे-पुढे जाणवण्याइतकी अजिबात नको. ब्लेडची कड खरचटलेली असेल किंवा शाफ्ट निळा पडला असेल तर सोडून द्या. पावती मागा, चोरीच्या मालाचा संशय आला तर स्वस्ताईकडे बघू नका. वेस्टगेटची स्प्रिंग हातपंप आणि गेज लावून टेबलावरच तपासा. ०.४ बारला उघडायला हवी. मूळ स्प्रिंग बहुधा त्याहून कडक निघते.

ऑइलवर थोडं थांबतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतो आणि त्याला तोलून धरणारी वस्तू म्हणजे ऑइलचा पातळ थर. पुरवठा ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी बसवून घेता येतो; नळी स्टीलच्या जाळीची, तांब्याचे वॉशर नवे. पण खरी गडबड परतीच्या नळीत होते. टर्बोतून ऑइल खाली पडतं ते फक्त गुरुत्वाकर्षणाने. म्हणून परतीची नळी आतून निदान १२ मिलिमीटर, जमलं तर १६, जितकी सरळ खाली जाईल तितकी चांगली, कुठेही वर चढणारा वळसा नको. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये ती ऑइलच्या पातळीच्या वर शिरायला हवी. त्यासाठी चेंबर उतरवून बंग (नळी जोडायचा तुकडा) वेल्ड करावा लागतो. गाडीवर असतानाच भोक पाडून काम उरकू म्हणणाऱ्याला नाही म्हणा. परतीची वाट अडली की ऑइल सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं, निळा धूर येतो आणि चांगला टर्बो खराब ठरवून बदलला जातो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला जाड भिंतीचे एमएसचे (माइल्ड स्टीलचे) एल्बो वापरा, स्टीम पाइपला वापरतात ते. सायलेन्सरचा पातळ पाइप टर्बोचं वजन पेलत नाही. फ्लँज १० ते १२ मिलिमीटरचे, लेझरवर कापून घ्या. भोसरीसारख्या एमआयडीसीत एकच नग कापून देणारे सापडतात. वेल्डिंग करताना फ्लँज जाड प्लेटवर घट्ट कसून ठेवा आणि नंतर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. टर्बोला खालून एक आधाराची पट्टी द्या.

हवेच्या बाजूला इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, वगळू नका. पुण्यात उन्हाळ्यात ३५ अंशांची हवा ०.४ बारने दाबली की टर्बोतून बाहेर पडताना ती ८५ अंशांच्या घरात जाते. स्कॉर्पिओसारख्या डिझेल गाडीचा जुना इंटरकूलर चालतो, फक्त आतून रॉकेलने धुवा. आधीच्या टर्बोचं तुकड्यांसकट ऑइल त्यात अडकलेलं असू शकतं. जोडणीला सिलिकॉन होज आणि टी-बोल्ट क्लिप घ्या. इंजिनाच्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणाऱ्या) वाटेत एकदिशा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरून सील ढकलून बाहेर काढतो. ब्रेक बूस्टरच्या नळीतला व्हॉल्व्हही तोंडाने फुंकून तपासा. यावर तुमचे ब्रेक अवलंबून आहेत. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर.

पहिल्या स्टार्टच्या दिवशी जवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवा. इंधन आणि स्पार्क तोडून, ऑइल प्रेशर गेज हलेपर्यंत स्टार्टर मारा, मगच इंजिन चालू करा. इग्निशन टायमिंग बूस्टच्या प्रत्येक पीएसआयमागे साधारण एक अंशाने मागे घेऊन सुरुवात करा आणि टाकीत ९५ ऑक्टेनचं इंधन भरा. पहिले दोन-तीन दिवस पूर्ण ॲक्सिलरेटर नाही: अर्ध्यावर धावायचं, ईसीयूने नोंदलेला लॉग वाचायचा, तिच्यातला इंधन-टायमिंगचा नकाशा सुधारायचा, मग पुन्हा. बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलवर ठेवायची. इंजिन थंड झालं की मॅनिफोल्डचे नट पुन्हा कसा, परतीच्या नळीचा जोड कोरडा आहे का बघा आणि चारही प्लग काढून उजेडात धरा. पांढऱ्या चिनी मातीवर चमकणारे बारीक काळे-चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, आणि टायमिंग आणखी मागे घेतल्याशिवाय गाडी परत बूस्टवर न्यायची नाही.