सोलापूरच्या उन्हाळ्यात नेचा कसा जगवायचा

नेचा म्हणजे फर्न सावलीत वाढतो, पण सोलापुरात नुसत्या सावलीने भागत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक होते आणि सावलीतली पानंही कडेने करपतात. सुरुवात नेफ्रोलेपिसने करा. नर्सरीत तो ‘बोस्टन फर्न’ म्हणून मिळतो. हंसराज हा नेचाही फार देखणा, पण माती एकदा सुकली की त्याची पानं चुरगळलीच. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

पावसाळा लागून हवा गार झाली की लावा. कुंडीत भरायचं मिश्रण असं: २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ भाग कुजलेला पालापाचोळा, १ भाग गांडूळखत, १ भाग जाड वाळू. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. आपली काळी माती अजिबात नको: भिजली की चिकट होते, सुकली की भेगाळते आणि नाजूक मुळं तुटतात. पानं फुटतात तो गाभा मातीच्या वरच ठेवा. पुरला तर कुजतो.

आता खरी युक्ती. नेचा ६ इंची प्लास्टिकच्या कुंडीत लावा, ती १० इंची मातीच्या कुंडीत बसवा आणि मधल्या फटीत वाळू भरून ती रोज ओली ठेवा. बाहेरच्या कुंडीतून पाणी झिरपून उडतं, त्यामुळे मुळं गार राहतात. दोन्ही कुंड्यांची खालची भोकं मोकळी हवीत. जागा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीशी. पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते.

बोअरचं पाणी खारं असेल तर मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. पावसाचं पाणी साठवून तेच घाला. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर कधीच नको: पाणी उडून जातं, क्षार तेवढे मागे राहतात.

टोकं करपली तर कारण कोरडी हवा किंवा क्षार. पानं फिकट पडली तर बहुधा ऊन जास्त. बुडखा काळा, मऊ झाला तर पाणी जास्त.

पानामागे ओळीत तपकिरी ठिपके दिसले की लोक घाबरून औषध मारतात. ते बीजाणू असतात, म्हणजे नेच्याचं जणू बीच, राहू द्या. ठिपके देठावरही वेडेवाकडे असतील, नखाने निघत असतील आणि पान चिकट लागत असेल, तरच ती खवले कीड. ती ओल्या कापसाने पुसून काढा.