लाख-दीड लाखाची चिनी क्वाड बाइक: घ्यायची असेल तर अशी घ्या

हुरड्याचा हंगाम जवळ आला की सोलापूरच्या आसपासचे कृषी पर्यटनवाले आणि हौशी बागायतदार एकच प्रश्न घेऊन माझ्या गॅरेजवर येतात. लाख-दीड लाखात मिळणारी ती चार चाकांची चिनी गाडी, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली क्वाड बाइक, घ्यावी का? अक्कलकोट रोडवर माझं दुचाकीचं गॅरेज आहे. अलीकडे या गाड्या खोलणं-जोडणं हा माझ्या कामाचा मोठा भाग झालाय, आणि सुट्टीच्या दिवशी मी स्वतःही माळावर चालवतो. माझं उत्तर असं: फिरवायला स्वतःची किंवा हक्काची जमीन असेल, हातात पाना धरायची तयारी असेल आणि किमतीच्या वर पाव हिस्सा रक्कम बाजूला काढता येत असेल, तर घ्या. पैसे वसूल होतात, मजाही येते. आणली, चावी फिरवली आणि निघालो, असं हवं असेल तर घेऊ नका. त्या पैशात चांगली जुनी मोटारसायकल घ्या, तिला खडबडीत टायर घाला, आयुष्यभर साथ देईल.

पैसे देण्याआधी कायद्याचा विषय मिटवून टाका. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्यानुसार सार्वजनिक जागी चालणाऱ्या मोटार वाहनाची नोंदणी लागते. सार्वजनिक जागा म्हणजे फक्त हायवे नाही. लोकांना जायचा-यायचा हक्क आहे असा पाणंद रस्ताही त्यात येतो. विकणारा म्हणेल, "पासिंग होतं, बघू आपण." त्याच्याकडे फॉर्म २१ आणि फॉर्म २२ मागा. पहिला विक्रीचा दाखला, दुसरा कंपनीचा गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला. हे दोन्ही नसतील तर आरटीओत काहीही होणार नाही, मग तो कितीही शपथा घेवो. म्हणजे घरातून वस्तीवर न्यायची तर छोट्या हत्तीत टाकूनच न्यावी लागेल, हे धरून चाला.

आता इंजिन. या गाड्यांवर स्टिकर कुणाचंही असो, आत बहुतेक वेळा तीनच घराणी सापडतात. एक, होंडाच्या जुन्या आडव्या इंजिनाची नक्कल, ११०-१२५ सीसीची. दुसरं, स्कूटरचं पट्ट्यावर चालणारं १५० सीसी इंजिन, गिअर टाकायची कटकट नसलेलं. तिसरं, होंडाच्या सीजी १२५ वरून निघालेलं उभं, पुशरॉडचं (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं) इंजिन, जे १५०, २०० आणि २५० म्हणून विकलं जातं. आपल्या भागासाठी मी तिसरंच सांगतो. पट्ट्याचं इंजिन सपाट बागेत ठीक आहे, पण मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेलेला असताना मुरमाच्या चढावर हळूहळू चढवलं की पट्टा तापून घसरायला लागतो, आणि ओढ्यातून काढताना केसमध्ये पाणी गेलं तर गाडी जागेवर गुरगुरत राहते. आडवं ११० हे मुलांच्या मापाच्या चासीत बसवलेलं असतं. ऐंशी किलोचा माणूस त्यावर बसला की पुढचं सस्पेन्शन बसूनच राहतं.

मागे एक द्राक्षबागायतदार म्हणाले, "मिस्त्री, अडीचशेची घेतो, म्हणजे ताकदीला कमी नको." मी त्यांना इंजिनवर कोरलेला नंबर वाचायला लावला. १६७एफएमएम. त्यातला १ म्हणजे एक सिलिंडर, ६७ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, असते ६५. व्यासावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून त्याला स्ट्रोकने गुणलं तर येतात २२९ सीसी. याच हिशेबाने १६२एफएमजे म्हणजे ६२ व्यास, ४९.५ स्ट्रोक, जवळजवळ बरोबर १५०. तेव्हा स्टिकर वाचू नका, इंजिनचा नंबर वाचा. पार्ट मागवतानाही तोच कामाला येतो, कारण गाडीचं नाव दुकानदाराला माहीत नसलं तरी हा नंबर माहीत असतो. २२९ ही वाईट मशीन नाही. पण खरेदीच्या वेळी २५० चे पैसे का द्यायचे, हे त्या बागायतदारांनी विकणाऱ्याला विचारलं आणि दहा हजार उतरवून घेतले.

गोडाऊनमध्ये गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन चालू करायची घाई करू नका. आधी खाली वाका. पुढच्या चाकाला धरून ठेवणारे ते त्रिकोणी दांडे, ज्यांना ए-आर्म म्हणतात, त्यांची वेल्डिंग जिथे चासीला भिडते तिथे अंगठ्याचं नख फिरवा. चांगलं वेल्डिंग एकसारखं, बारीक खवल्यांसारखं लागतं. स्वस्त गाडीत कधी कधी नख अडकतं, मधे खड्डा असतो आणि वरून काळा रंग मारून तो बुजवलेला असतो. रंगाचा फुगवटा दिसला की ती गाडी सोडा, दुसरी दाखवायला सांगा. त्याच लॉटमध्ये चांगलीही निघते. मग पुढचं चाक जमिनीपासून उचलायला लावा, वर-खाली हात धरून हलवा. कट्-कट् जाणवलं तर बॉल जॉइंट (ए-आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) नाहीतर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, बेअरिंग ढिलं आहे. डावी-उजवीकडे हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड, म्हणजे हँडलची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा. ही तीन ठिकाणं अशी आहेत की चालताना एक जरी तुटलं तरी स्टीअरिंग तुमच्या हातात राहत नाही.

यानंतर विकणाऱ्याला पाच वस्तू आत्ता, इथे काढून दाखवायला सांगा: क्लच केबल, ब्रेक पॅड, सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), पुढच्या हबचं बेअरिंग, बॉल जॉइंट. "मागवून देतो" हे उत्तर दोनपेक्षा जास्त वेळा आलं तर निघा. बेअरिंग आणि ऑइल सील यांचं फारसं अडत नाही. बेअरिंगवर ६२०४, ६२०५ असे जागतिक मापाचे आकडे असतात, ते आपल्या गावातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात. चेन ४२८ मापाची असेल तर तीही मोटारसायकलची चालते. पण बॉल जॉइंट आणि मागचा ॲक्सल यांना पर्याय नाही.

गाडी खोक्यात आली की खरं काम सुरू होतं. चीनमधून ती अर्धवट जोडलेली, लोखंडी चौकटीच्या खोक्यात येते आणि इथे कुणीतरी घाईघाईने चाकं, हँडल, बॅटरी जोडून उभी करतो. त्यामुळे घरी आणल्यावर पहिला एक दिवस फक्त पान्यांचा समजा. प्रत्येक नट काढायचा, त्यावर थ्रेड लॉकचा (नट ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब टाकायचा आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, परत आवळायचा. चाकांचे नट, मागच्या ॲक्सलचा मोठा नट, हँडलचा क्लॅम्प, इंजिन माउंटिंग, फूटरेस्ट. ॲक्सलच्या नटाला स्प्लिट पिन असते ती बघा; नसली तर घाला. वायरिंग चासीच्या धारेला जिथे घासतं तिथे रबरी नळीचा तुकडा चढवा. ब्रेकमध्ये डॉट ४ फ्लुइड नवं भरा, हवा काढा. चेन जरूर काढून बघा, कारण चेन लॉकची क्लिप उलटी बसवलेली असू शकते. तिचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं.

ऑइलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण याच ठिकाणी लोक कंजूषपणा करतात. कारखान्यातून आलेलं ऑइल वाहतुकीपुरतं समजा. ते काढा, २०डब्ल्यू-४० भरा, तासभर वेगवेगळ्या गतीने चालवा आणि गरम असतानाच परत काढा. पांढऱ्या स्टीलच्या ताटात काढून उन्हात धरा. पहिल्या वेळी त्यात चांदीच्या वर्खासारखी चमक दिसेल, ती कास्टिंगची आणि गिअरची घासलेली धूळ असते. एवढी चमक चालते. नखात पकडता येईल असा तुकडा निघाला तर मात्र गाडी थांबवा आणि विकणाऱ्याला फोटो पाठवा. दुसऱ्यांदा दहा तासांनी बदला. ऑइल फिल्टर म्हणून यात बहुतेक वेळा एक छोटी जाळीच असते, ती दर वेळी रॉकेलने धुवा. त्याच बैठकीत इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघून घ्या. नव्या गाडीत ते घट्ट निघाले तर गाडी गरम झाल्यावर सुरू व्हायला त्रास देते आणि लोक उगाच कार्बोरेटर खोलत बसतात.

टायरमध्ये हवा साधारण ५ पीएसआय (दाबाचं माप) लागते, टायरच्या कडेला कमाल आकडा छापलेला असतो. पंक्चरवाल्याचा गेज एवढं खाली वाचत नाही, तो सवयीने पंचवीसपर्यंत नेतो आणि गाडी चेंडूसारखी उडायला लागते. शून्य ते पंधराचा स्वतःचा गेज आणि हातपंप घ्या. आपल्याकडे वेडी बाभूळ सगळीकडे आहे. बांधाच्या कडेने गेलात की काटा लागणारच, आणि या टायरची कड पातळ असते. आधीच सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) भरून ठेवा, ट्यूबलेस पंक्चरच्या पट्ट्या सीटखाली ठेवा.

चालवताना एक गोष्ट अंगात मुरवावी लागते. मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट असतात, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर, नसतो. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं पण ते तेवढंच फिरतं, म्हणून घट्ट मुरमावर गाडी सरळच ढकलत राहते. वळणाआधी वेग उतरवा आणि अंग आतल्या बाजूला टाका, म्हणजे आतल्या चाकावर... नाही, नीट सांगतो: खांदे आत, वजन बाहेरच्या फूटरेस्टवर दाबलेलं. आतलं चाक हलकं झालं की गाडी वळते आणि उलटतही नाही. बांध आडवा कधीच चढू नका, थेट समोरून चढा, पुढे झुकून. ताल किंवा बांधावरून तिरकं जाताना ही गाडी पलटी खाते आणि तिचं सगळं वजन माणसावर येतं.

काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस नेऊ नका. माती चाकात आणि मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं, क्लच जळतो. उन्हाळ्यात त्याच रानाला पुढचं चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात. आणि विहिरी. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या जुन्या विहिरी गवतात झाकलेल्या असतात. नव्या रानात गाडी घालण्याआधी मालकाबरोबर एकदा पायी फिरा, विहीर, ठिबकचे पाइप, तारेचं कुंपण बघून घ्या. ज्वारी काढल्यानंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी नऊच्या आत, हा चालवायचा उत्तम काळ.

माळ ओसाड दिसतो म्हणून कुठेही घुसू नका, ही माझी कळकळीची विनंती. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे. तिथे आणि त्याच्या आसपासच्या गवताळ माळांवर काळवीट, लांडगे राहतात, माळढोकासारखा पक्षी तर उघड्या जमिनीवर अंडं घालतो. चार रुंद टायर एका फेरीत काय चिरडतात हे चालवणाऱ्याला कळतही नाही. अभयारण्यात गाडी घालणं गुन्हाच आहे, पण बाहेरच्या गायरानातही गवत उभं असेल तर वळसा घ्या.

हुरडा पार्टीवाल्यांना वेगळं सांगतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांच्या क्वाडवर बसवू नका असं अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो, आणि तिथे या गाड्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चालतात. एका सीटच्या गाडीवर बाप आणि पुढे पोरगं, हे तर अजिबात नको. अंगठ्याच्या ॲक्सिलेटरजवळ एक छोटा स्क्रू असतो, तो आत पिळला की वेग बांधला जातो. पाहुण्यांसाठी तो पिळूनच ठेवा. किल स्विचची (ओढल्यावर इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला, आयएसआय हेल्मेट डोक्याला, मग चावी.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि या स्वस्त कार्बोरेटरमधलं रबर फुगवतं. पेट्रोलची नळी इथेनॉल चालणारी बदलून घ्या, फ्लोट बाउलचा (कार्बोरेटरखालच्या वाटीचा) खालचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काढा. चारही चाकं विटांवर उचला, बॅटरी काढून घरात ठेवा. गाडी वस्तीवरच्या पत्र्याखाली कडब्याजवळ लावू नका, उंदीर सगळ्यात आधी स्टेटरपासून (इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या भागापासून) सीडीआयकडे जाणारी वायर कुरतडतात, आणि तो वायरिंगचा जुडगा मिळायला वेळ लागतो.